मुरुडची सेन्सरवाली

व्हिजिटिंग कार्डावर काय छापायचं, हा प्रश्न तुमच्यापैकी फारशा कुणाला पडत नसणार. सिनियर एक्झिक्युटिव्ह, टीम लीड, असिस्टंट अमुकतमुक... कंपनीच छापून देते. घरच्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर भागतं. माझ्या मामेबहिणीचं तसं नाही. ती मुंबईत एका इंटरअॅक्टिव्ह आर्ट कलेक्टिव्हमध्ये क्रिएटिव्ह टेक्निशियन आहे. या अख्ख्या वाक्यातला ‘मुंबईत’ हा एकच शब्द मामीला कळतो, आणि नेमका तोच तिला आवडत नाही.

मामा-मामी मुरुडला असतात. मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींना समुद्र, जंजिरा आणि वीकेंडचं रिसॉर्ट आठवतं. ते मुरुड वेगळं. आमचं मुरुड लातूर जिल्ह्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इथे समुद्र सोडाच, बोअरला पाणी लागलं तरी माणूस चार दिवस कुणाला बोलत नाही! या गावात मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रिवाइंडिंग हा पाटीवरचा शब्द. गावात ‘मोटार भरायला टाकली’ असंच म्हणतात. शेतातली पाणबुडी मोटार जळाली की ती उघडायची, जळकं वाइंडिंग उपसायचं, वेढे मोजायचे, त्याच गेजची तार तितक्याच वेढ्यांनी पुन्हा भरायची. वेढा चुकला की मोटार तापते, आणि मोटार तापली की शेतकरी दुकानात येऊन मामापेक्षा जास्त तापतो.

माझी बहीण या दुकानात वाढली. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात राहून मेडिकलला न जाणं म्हणजे नातेवाइकांना तोंड दाखवायची चोरी. तिने लातूरच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मग पुण्यात एका ऑटोमेशन कंपनीत पॅनल वायरिंगची नोकरी. तिथल्या एका मित्राने तिला एका फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हलला नेलं, ‘काहीतरी बंद पडलंय, बघतेस का’ म्हणून. तिने बघितलं. सप्लाय कमी पडत होता. जाडी वायर टाकली, चालू झालं. त्या दिवसापासून ती तिकडचीच झाली.

आता हे इंटरअॅक्टिव्ह आर्ट म्हणजे काय, ते थोडक्यात. साधं चित्र भिंतीवर गप्प असतं, तुम्ही त्याच्याकडे बघता. इथे ते तुमच्याकडे बघतं. तुम्ही जवळ गेलात, हात हलवलात, ओरडलात, नुसते उभे राहिलात, तरी त्यात काहीतरी बदलतं. ते बदलण्यासाठी आधी तुम्ही आलात हे त्याला कळावं लागतं. ते कळवायचं काम माझ्या बहिणीचं. तिचं सगळं जग सेन्सर, मोटरी, रिले, सप्लाय आणि केबल यांचं. मेंदू म्हणून आर्डुइनोसारखी छोटी सर्किटं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावातल्या डिझाइन शिकवणाऱ्या काही मंडळींनी विद्यार्थ्यांना परवडावं म्हणून आर्डुइनो बनवलं आणि गावातल्या बारचं नाव त्याला दिलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आता ते कांद्या-बटाट्यासारखं मिळतं.

कलेक्टिव्हच्या मीटिंगला एकदा मी बसले होते. (मला लेख हवा होता, त्यांना चहा आणायला माणूस.) एक जण डोळे मिटून म्हणाला, “लोक आत आले की त्या खोलीने श्वास घ्यावा, असं वाटतंय मला.” सगळे गप्प. भारी वाटलं ते ऐकायला. बहिणीने वही उघडली. “एका वेळी किती लोक? छत किती फुटांवर? एसी चालू असणार का? आणि श्वास आत घ्यायला किती सेकंद, सोडायला किती?” त्याने डोळे उघडले. तेव्हा मला तिच्या कामाचा फंडा कळला. तो ‘श्वास’ म्हणतो आणि ती त्याचं ‘छत्तीस सर्व्हो मोटरी, पाच व्होल्ट, चढायला दोन सेकंद, उतरायला साडेतीन’ असं मराठी करते.

त्या श्वासाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण मी तीन दिवस तिच्यासोबत होते. मुंबईतली एक जुनी इमारत, वरच्या मजल्यावर गॅलरी. अंधारी खोली आणि छताला उलट्या टांगलेल्या तलम कापडाच्या छत्तीस छत्र्या. तुम्ही ज्या छत्रीखाली जाल ती उमलते, तुम्ही पुढे सरकलात की मिटते. बघायला एकदम सही. वरती डेप्थ कॅमेरा होता. हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश खाली टाकतो आणि तो परत यायला काय फरक पडतो त्यावरून समोरची वस्तू किती अंतरावर आहे ते ठरवतो. असला कॅमेरा लोकांच्या घरात पोचवला तो मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टने, २०१० मध्ये, व्हिडिओ गेमसाठी. गेमवाल्यांचा उत्साह ओसरला, २०१७ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन बंद केलं, पण आर्टवाले मात्र जुने कायनेक्ट शोधून शोधून वापरत राहिले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ओळखीपाळखीच्या लोकांना बोलावलं होतं. त्यात दोन कॉलेजच्या मुली आल्या, बुरख्यात. एका छत्रीखाली गेल्या, ती उमलली नाही. दुसरीखाली गेल्या, तीही नाही. शेजारून एक जीन्सवाला गेला, त्याच्यावर तीन छत्र्या एकदम उमलल्या. त्यातली एक मुलगी हसून मैत्रिणीला म्हणाली, “हमारे लिए नहीं खुलता क्या?” आणि दोघी फोटो काढून गेल्या. त्यांना वाटलं, बंद असेल.

बंद नव्हतं. काही काळी कापडं इन्फ्रारेड प्रकाश गिळून टाकतात. परत काही येतच नाही, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी तिथे कुणी नाहीच! काळ्याभोर केसांचंही थोडंफार तसंच होतं, आणि कॅमेरा तर डोक्यावरच होता. बाकीच्यांचे खांदे-शर्ट दिसत होते म्हणून भागत होतं. या दोघींचं काहीच दिसत नव्हतं.

कलेक्टिव्हमधल्यांना ते फार गंभीर वाटलं नाही. दोनच तर व्हिजिटर, आणि सेन्सरला मर्यादा असतातच. ही बाई मात्र खवळली. “ताई, उद्या बाहेर एवढं मोठं लिहिणार, ‘ही खोली प्रत्येकाला ओळखते’ म्हणून. मग प्रत्येकाला ओळखायला नको?” रात्री साडेतीनपर्यंत ती खाली बसून होती. फरशीला हात लावायचा नाही, अशी गॅलरीची सक्त ताकीद. तिने गालिचा उचलला, त्याखाली दाब ओळखणाऱ्या पातळ चटया अंथरल्या, वायरी कडेकडेने नेल्या, आणि वरचा कॅमेरा व खालचं वजन यांपैकी कुणीही एकाने ‘माणूस आहे’ म्हटलं तरी छत्री उमलेल असं करून टाकलं. कॅमेरा कपडे बघतो. चटईला कपड्यांचं काही पडलेलं नसतं.

टेस्टिंगला तिने कलेक्टिव्हमधल्या कुणालाच घेतलं नाही. “सगळे एकसारखे,” म्हणाली. “सारख्या उंचीचे, सारखे कपडे, सारखंच चालणार.” तिने सकाळी झाडायला येणाऱ्या मावशींना घेतलं, वॉचमन काकांना घेतलं, खालच्या चहावाल्याच्या पोराला घेतलं. मावशींनी पदर डोक्यावरून घेतला, खाली घेतला, कमरेला खोचला. पोरगं रांगत गेलं, उड्या मारत गेलं. वॉचमन काका काठी टेकत एका छत्रीखाली जाऊन थांबले, वर बघत राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत. ते कशाचं टेस्टिंग होतं, मला माहीत नाही. बहिणीने त्यांना हटवलं नाही.

त्या मुली पुन्हा आल्या का? मी होते तोवर तरी नाही.

कुणाला दिसायचं आणि कुणाला नाही हे कुठे ठरतं, तर अशा रात्री साडेतीनच्या चटईवर. सेन्सर साडेचार फुटांवर लावला की लहान मुलं गेली, व्हीलचेअरवालाही गेला. आवाजाचा प्रतिध्वनी मोजणारे सेन्सर असतात, त्यांना मऊ, चुणीदार कापड नीट जमत नाही; आवाज त्यात मुरतो. म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट दिसणार, आजीचं सुती लुगडं दिसेल न दिसेल. हे कुणी वाईट मनाने केलेलं नसतं. पण डेटाशीटमध्ये ‘माणूस’ म्हणून जो कुणी धरलेला असतो, तो मुरुडचा नसतो एवढं नक्की.

मुरुडचा नसतो, याचा पुरावा बहिणीकडे आधीपासून होता. डिप्लोमाच्या सुट्टीत तिने मामाच्या दुकानाच्या दाराला एक पीआयआर सेन्सर लावला होता. हा सेन्सर तुमच्या सोसायटीच्या जिन्यातही असतो, माणूस आला की दिवा लावणारा. तो माणसाच्या अंगची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक बघतो. जानेवारीत झकास चालला. मे महिन्यात गिऱ्हाइकं येऊन उभी, हाका मारतायत, दिवा ढिम्म! पत्र्याचं दुकान, बाहेर चाळीसच्या वर पारा. माणूस आणि भिंत एकाच तापमानाची झाली, फरक उरलाच नाही, मग सेन्सरला दिसणार काय? मामा म्हणाला, “बाळा, उन्हाळ्यात आमाला सरकारबी बघंना, तुजं यंत्र काय बघतंय!”

तसं बघायला गेलं तर मामाचं दुकानही इंटरअॅक्टिव्हच आहे. शेतकरी घरी बसून मोबाइलवरून रिंग देतो आणि तिकडे विहिरीवरची मोटार चालू होते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ याच कामासाठी नावाजलं गेलं, आता तर बाजारात असले कितीतरी मोबाइल ऑटो आहेत. बोअरचं पाणी संपलं की मोटारीवरचा लोड उतरतो, अँपिअर खाली येतात, आणि ते ओळखून मोटार आपोआप बंद करणारा रिले मामाने आजवर गावात किती बसवले असतील त्याला गणती नाही. पाणी गेलं हे यंत्राला कळणं आणि माणूस आला हे यंत्राला कळणं, यात तारेच्या दृष्टीने काही फरक नाही.

हे मला सुचलेलं नाही. बहिणीचं वाक्य आहे, आणि ते तिला कधी सुचलं हेही मला माहीत आहे. २०१६ चा उन्हाळा. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, तो उन्हाळा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती मुरुड स्टेशनातूनच पुढे लातूरला गेली. एके काळी त्याच मार्गावरून बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. त्याच दिवसांत कुणीतरी तिला मोबाइलवर ‘रेन रूम’चा व्हिडिओ दाखवला. लंडनच्या रँडम इंटरनॅशनल या ग्रुपने २०१२ मध्ये बार्बिकन सेंटरमध्ये उभी केलेली खोली. आत धो धो पाऊस पडतो आणि तुम्ही चालत जाल तिथला तेवढाच पाऊस थांबतो. पावसात फिरा, भिजू नका! पुढच्या वर्षी ती न्यूयॉर्कला मोमामध्ये गेली, तिथेही लोक तासन् तास रांगेत उभे. पाणी तेच तेच फिरवून वापरतात, पण मुरुडात बसून बघणाऱ्याला ते कुठे दिसतं? त्याला फक्त धो धो दिसतं.

मामाने व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, “शेजारच्या शिवारात पडतो अन् आपल्यावर पडंना. हे तर दरसालच हाय की. त्याला मशीन कशाला लागती?”

बहीण मात्र साहित्याची यादी वाचत होती. सोलेनॉइड व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर, थ्रीडी कॅमेरे, सॉफ्टवेअर, खाली जाळीची फरशी. “पप्पा, हे आपल्या ठिबकचेच व्हॉल्व्ह हायत!” ऑटोमॅटिक ठिबक सिंचनात ठरल्या वेळी पाणी सोडणारा आणि बंद करणारा जो व्हॉल्व्ह असतो, तोच. तिथे पिकाला पाणी मिळावं म्हणून उघडतो, इथे माणसाला पाणी लागू नये म्हणून बंद होतो. असं काम जगात असतं आणि त्याला लागणारं निम्मं सामान आपल्या दुकानात पडलेलं आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. यादीत व्हॉल्व्हचं नाव होतं, व्हॉल्व्ह बसवणाऱ्याचं नव्हतं. ते तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मुंबईत असलं काम तिच्या कितीतरी आधीपासून चाललंय. २००५ मध्ये अशोक सुकुमारन या कलाकाराने जीपीओजवळच्या चौकात भोवतालच्या इमारतींवर दिव्यांची माळ फिरवली होती आणि खाली रस्त्यावर एक हँडल ठेवलं होतं. येणारा-जाणारा कुणीही हँडल फिरवायचा, त्याबरोबर इमारतींवरून उजेड सरकायचा. रसवंतीच्या चरकासारखं हाताने फिरवायचं काम, कुणाला शिकवावं लागत नव्हतं. शिक्षणाने तो आर्किटेक्ट. २००७ मध्ये त्याला ऑस्ट्रियात आर्स इलेक्ट्रॉनिकाचा इंटरअॅक्टिव्ह कलेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी त्याने शायना आनंद, संजय भांगर यांच्यासोबत ‘कॅम्प’ हा स्टुडिओ काढला. कॅम्पवाले स्वतःला कलेक्टिव्ह म्हणवत नाहीत, स्टुडिओ म्हणतात. २०२२ चं त्यांचं ‘बॉम्बे टिल्ट्स डाऊन’ एका उंच इमारतीवर लावलेल्या एकाच सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून चित्रित झालंय. पाळत ठेवायचं यंत्र घेऊन शहराकडे टॉवरच्या माथ्यापासून झोपडीच्या पत्र्यापर्यंत बघत जायचं. २०२५ मध्ये मोमाने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. माझी बहीण तिथे काम करत नाही, पण त्यांचं नाव निघालं की जरा सावरून बसते.

आता मुद्द्याचं. नाव.

तिच्या कलेक्टिव्हचं धोरण असं, की कुणाचंच नाव लावायचं नाही. काम सगळ्यांचं, नाव कलेक्टिव्हचं. ऐकायला एकदम कूल. मलाही आवडलं होतं. पण उद्घाटनाच्या भाषणात कोण बोलतं? दोघे संस्थापक. मासिकात मुलाखत कुणाची? त्यांचीच. परदेशातली फेलोशिप नावावर मिळते, ‘सगळ्यांच्या’ नावावर मिळत नाही. गुगलवर कलेक्टिव्हचं नाव टाका, पहिल्या पानावर तीच दोन नावं. म्हणजे नाव न लावण्याचं धोरण त्यांनाच परवडतं, ज्यांचं नाव आधीच झालंय. मी पत्रकार आहे, बायलाइनवर जगते, त्यामुळे मला हे जरा जास्तच लागत असेल, मान्य! पण तिला पुढचं काम मिळायचं ते कशावर? “त्या छत्र्यांचं काम मी केलं होतं,” असं सांगितलं तर समोरचा म्हणतो, “अच्छा, दाखवा कुठे लिहिलंय.”

तिने मीटिंगमध्ये विषय काढला. उत्तर आलं, “आपण सगळे एकच आहोत ना?” ती म्हणाली, “एकच आहोत, तर रात्री साडेतीनला फोन मलाच का येतो?” बराच वेळ कुणी काही बोललं नाही. (चहा मीच आणला होता, तो गार झाला.)

यात तिचंच सगळं बरोबर, असंही मला वाटत नाही. संस्थापकांपैकी एकीचं म्हणणं मला पटलं. नावं लावायला लागलो की क्रम येतो, क्रम आला की भांडण येतं, आणि आम्ही ज्या आर्टच्या दुनियेतून वैतागून बाहेर पडलो ती हीच, असं ती म्हणाली. खरं आहे. पण दुसरं उदाहरणही जुनंच आहे. १९६० मध्ये झाँ टँगेली या कलाकाराने मोमाच्या बागेत स्वतःला मोडून टाकणारं एक अवाढव्य यंत्र उभारलं. सायकलची चाकं, मोटरी, पियानो, काय वाट्टेल ते. ते सत्तावीस मिनिटं धडधडलं, पेटलं, शेवटी आग विझवावी लागली. ते उभं करायला मदत करणारा इंजिनिअर बेल लॅब्जचा बिली क्लूव्हर. त्याने पुढे १९६६ मध्ये रॉबर्ट राउशनबर्गसारख्या दहा कलाकारांची बेल लॅब्जच्या तीसेक इंजिनिअरांशी गाठ घालून न्यूयॉर्कला नऊ रात्रींचा कार्यक्रम केला. त्यात इंजिनिअरांची नावं कलाकारांसोबत आली. भांडणं तिथेही झाली असतीलच, पण नावं आली.

खूप घासाघीस होऊन आता इतकं झालंय, की छत्र्यांच्या पाटीवर खाली ‘उभारणी आणि देखभाल’ अशी ओळ आली. बारीक टायपात चार नावं. एक तिचं, एक सुताराचं, एक इलेक्ट्रिशियनचं आणि एक कापड शिवणाऱ्या बाईंचं. शेवटची तीन नावं तिने हट्टाने घालायला लावली. इलेक्ट्रिशियनने पाटीचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. त्यात आर्ट दिसत नाही, नुसती पाटीच दिसते.

यातून प्रश्न सुटलेला नाही. तिला पगार नाही, प्रोजेक्टप्रमाणे पैसे आहेत, आणि ते इनव्हॉइस पाठवल्यावर येतील तेव्हा येतात. पीएफ वगैरे शब्द उच्चारूच नका. पुण्याच्या एका ऑटोमेशन कंपनीकडून तिला कायमच्या नोकरीची ऑफर आहे. मामीचं म्हणणं वेगळंच, हरंगुळला रेल्वे कोच फॅक्टरी झालीय, तिथे चिकट, घरून डबा नेशील. आणि मामा काही म्हणत नाही, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्याला बारीक गेजची तार धड दिसत नाही. मागच्या वर्षी दोन मोटरी भरून गेल्या आणि परत आल्या. मामाच्या दुकानातून मोटार परत येणं हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बहिणीने ते ऐकलं आणि फोन ठेवून बराच वेळ सोल्डरिंग गन नुसतीच धरून बसली.

कोणती नोकरी घ्यावी, हे तिला विचारणारी मी कोण? पण तिचं काम मला सगळ्यात जास्त कुठे आवडलं हे सांगते. ते कुठल्याच गॅलरीत नव्हतं.

मुरुडात मामाच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा दरवर्षी हलता देखावा असतो. तरुणपणी मामाच करायचा. लाकडी रोलरवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकायच्या, रोलर मोटारीने फिरवायचा, पट्टी जिथे टेकेल तिथला दिवा लागेल किंवा राक्षसाचा हात वर जाईल. दोन गणपतींमागे पोरांनी बहिणीला गळ घातली. तिने सेन्सर लावला, लोक आले की देखावा चालू, गेले की बंद, म्हणजे वीज वाचेल. पहिल्याच संध्याकाळी मामा खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, “गर्दी हटतच न्हाई, तर सेन्सर कशाला?” आणि खरंच, देखावा काही थांबेना, राक्षसाची मोटार तापून वास यायला लागला.

पण रात्री उशिरा, गर्दी पांगल्यावर, गल्लीतल्या पोरांनी शोध लावला. पीआयआर सेन्सरला फक्त हालचाल कळते. पुढ्यात सगळे अजिबात न हलता उभे राहिले, की थोड्या वेळाने राक्षस वर उगारलेल्या हातासकट थांबतो. एकाने जरी नाक खाजवलं तरी पुन्हा सुरू! झालं, पोरांचा स्टॅच्यूचा खेळ चालू. वीस-पंचवीस पोरं श्वास रोखून उभी, राक्षस थांबला की मनातल्या मनात जिंकलेली, आणि मग कुणाला तरी हसू फुटलं की राक्षसासकट सगळे गदगद हलतायत. बायका ओट्यावर येऊन बसल्या. चार रात्रींनी त्यात म्हातारी माणसंही उभी राहायला लागली. बहिणीने यातलं काहीही ठरवलं नव्हतं. ती मामाच्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि मोटारीवर टेबलफॅनचा वारा सोडला होता.

फ्लेक्सवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सौजन्य म्हणून तीन दुकानं आणि एक पुढारी. तिचं नाव नव्हतं. पण कंट्रोल बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं मी पाहिलं. मोटार भरून झाली की मामा तिच्या अंगावर रंगाने तारीख आणि दुकानाचं नाव टाकतो, गॅरंटीत परत आली तर वाद नको म्हणून. तिने तसंच लिहिलं होतं. नाव, तारीख, सप्लाय किती व्होल्टचा आणि बिघडल्यास कुणाला फोन करायचा तो नंबर. मुंबईतल्या छत्र्यांच्या बॉक्समध्येही तसंच लिहिलंय, ते तिथल्या कुणी अजून बघितलेलं नाही. बॉक्स उघडायची वेळच आलेली नाही.

पुण्याच्या कंपनीला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तोवर हातातलं काम संपवायचं, असं तिने ठरवलंय. डिसेंबरात पणजीला एक इन्स्टॉलेशन आहे, नदीकाठी, उघड्यावर. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात, सर्किटवर बुरशी चढते. तिने फोनवर मामाला विचारलं. मामा म्हणाला, वाइंडिंगला मारतो तेच वार्निश दोन हात मार, वाळू दे, मग दरियात टाकलं तरी काय होत न्हाई. दुकानातलं वार्निशच त्याने ट्रॅव्हल्सने पाठवून दिलं. असला माल ट्रॅव्हल्सवाले घेत नाहीत, म्हणून डब्यावर मामीच्या अक्षरात ‘तूप’ असं लिहिलेलं आहे. कलेक्टिव्हच्या स्वयंपाकघरातून तो डबा तिने दोनदा परत आणलाय.